साखळी कुठं बांधणार?

"मॅडम, एका कुत्र्याला इंजेक्शन द्यायचंय. कायमचं."

२०२४ चा मार्च सरत आला होता. दवाखाना उघडून अर्धा तास झाला असेल. फोन वाईच्या पुढच्या एका गावच्या सरपंचांचा. धोम धरणाच्या पाण्याकाठी एक फार्महाउस, मालक शहरातला, राखणदार दहा दिवसांपूर्वी काम सोडून गेलेला आणि मागच्या अंगाला साखळीला एक दांडगं काळं रॉटवायलर कुत्रं. जवळ कुणाला फिरकू देत नाही. गावातली पोरं त्याच वाटेनं शाळेला जातात. साखळी तुटली तर काय, या काळजीनं माणसं हैराण झाली होती. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आता तर त्या जातीवर बंदीच आलीय ना? मग अडचण काय?"

१२ मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं सगळ्या राज्यांना एक पत्र पाठवलं होतं. पिटबुल, रॉटवायलर धरून २३ जातींची यादी त्यात होती. या जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आणि आधीपासून घरात असलेल्यांची नसबंदी करून घ्या, असं ते पत्र म्हणत होतं. पाळलेलं कुत्रं सोडून द्या, असं त्यात कुठंही नव्हतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पोचेपर्यंत त्या पत्रातले दोनच शब्द शिल्लक राहिले होते, रॉटवायलर आणि बंदी. पुढं १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द ठरवलं. मध्ये महिनासुद्धा गेला नाही. पण तेवढ्या दिवसांत माझ्या एकटीच्या दवाखान्याच्या फाटकाला लोक तीन रॉटवायलर बांधून गेले. त्यातल्या एकीच्या पट्ट्याला लसीकरणाचं कार्ड अडकवलेलं होतं. मालकाच्या नावाची जागा ब्लेडनं खरवडलेली.

सरपंचांना मी म्हटलं, धडधाकट जनावराला असं इंजेक्शन देता येत नाही, आधी येऊन बघते. तो फोन ठेवला आणि काकांना लावला. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "कुठं यायचं?" एवढंच विचारलं.

काका आणि काकू कोरेगाव तालुक्यातले. काका सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये श्वान पथकावर होते. मेरठला प्रशिक्षण झालेलं, पुढची सगळी नोकरी उत्तरेत कुत्र्यांबरोबर. काकू गावात अंगणवाडी सेविका, सत्तावीस वर्षं. काका निवृत्त होऊन आले ते रॉटवायलरची एक मादी घेऊनच. काकूंनी पहिल्या दिवशी तिला ओसरीच्या खाली ठेवली, दुसऱ्या दिवशी ओसरीवर घेतली आणि आठवड्यानं ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी झोपायला लागली. हे मला काकूंनीच सांगितलं होतं.

माझी त्यांची गाठ पडली २००८ मध्ये. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. हात बसला होता तो गाई-म्हशींवर. मोठ्या कुत्र्यांची मला भीती वाटायची आणि ती मी कुणाला दाखवत नव्हते. एका रात्री अकराला काकांचा फोन आला. मादी व्यायला बसलीय, तीन तास कळा देतेय, पिल्लू येत नाही. मी गेले. पहिलं पिल्लू आडवं आलेलं. सिझेरियन करण्यावाचून इलाज नव्हता आणि कुत्रीचं सिझेरियन मी एकटीनं कधी केलेलं नव्हतं. तसं मी काकूंना खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बाळा, आम्ही पण कुठं केलंय? चल, हात धुऊन घेऊ."

ओसरीवरचा लाकडी पलंग, त्यावर मेणकापड, डोक्यावर दोनशेचा बल्ब. काकांनी सलाईन धरलं. मी एकेक पिल्लू काढून मागं देत होते आणि काकू ते पंच्यात घेऊन चोळत होत्या. नऊ निघाली. दोन निपचित होती. एकाच्या नाकातोंडातलं पाणी काकूंनी कापसानं टिपलं, चोळ चोळ चोळलं आणि ते चीं करून ओरडलं. दुसरं नाहीच आलं. त्याला त्यांनी वेगळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. मग आठांच्या गळ्यात आठ रंगांची लोकर बांधली आणि आढ्याला टांगलेल्या काट्याच्या झोळीत एकेकाला घालून वजन करायला लागल्या. अंगणवाडीत पोरांना तोलतात तसाच काटा, त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेला. लाल दोरा, ४२० ग्रॅम. हिरवा दोरा, ३८० ग्रॅम. मी टाके घालत होते आणि त्या मोठ्यानं आकडे म्हणत वहीत लिहीत होत्या.

त्या वहीचं जरा सांगायला हवं. लांबडी, जाड पुठ्ठ्याची, निळ्या कापडाच्या कण्याची हिशोबाची वही. काकूंनी ती अंगणवाडीच्या रजिस्टरसारखी आखली होती. अनुक्रमांक, जन्मतारीख, दोऱ्याचा रंग, अंगावरची खूण, दर आठवड्याचं वजन, लसी आणि शेवटचा रकाना "कुणाकडे". वजन घटलं की त्या आकड्याभोवती गोल. कुपोषित पोराभोवती करायच्या तसाच. १९९९ ते २०१६ या काळात त्यांच्याकडे नऊ वेळा पिल्लं झाली. सगळी मिळून अडुसष्ट. अडुसष्टही त्या वहीत आहेत, पहिल्या चोवीस तासांत गेलेलीसुद्धा.

पिल्लं द्यायची काकांची रीत ठरलेली होती. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. २०१७ मध्ये सरकारनं पैदाशीचे नियम केले, त्यात ही अट आली. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही, जन्मात पाचापेक्षा जास्त वेळा तिची वेत घ्यायची नाहीत, हेही आलं. काकांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि काकूंना म्हणाले, "हे तर तू आधीपासूनच करत होतीस." पिल्लू मागायला आलेल्या माणसाच्या घरी काका स्वतः जायचे. घर बघायचे, दिवसभर घरी कोण असतं ते विचारायचे, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे. आणि निघताना सहज विचारल्यासारखं विचारायचे, "साखळी कुठं बांधणार?"

जो उत्साहानं जागा दाखवायचा, इथं गेटपाशी कडी ठोकलीय, तिथं गोठ्याच्या खांबाला, त्याला पिल्लू मिळायचं नाही. काका गोड बोलून, चहा पिऊन परत यायचे आणि सगळी पिल्लं ठरलीत म्हणून निरोप धाडायचे. एका बागायतदारानं ठरल्याच्या तिप्पट पैसे देऊ केले होते. त्याच्या गेटला कडी नवी कोरी होती. काका त्याला म्हणाले, "तुम्हाला सायरन पाहिजे. तो बाजारात मिळतो."

हे कुत्रं मुळात काय आहे, हे ते प्रत्येक घेणाऱ्याला सांगायचे. जर्मनीतलं रॉटवाइल नावाचं गाव. रोमन फौजा आल्प्स ओलांडून आल्या तेव्हा त्यांची गुरं हाकणारी कुत्री त्यांच्याबरोबर आली आणि त्या मुलखात राहिली, असं मानतात. पुढं तिथल्या खाटकांनी ती पाळली. बाजाराला गुरं हाकत न्यायची, गाडी ओढायची आणि येताना पैशाची पिशवी कुत्र्याच्या गळ्यात बांधायची. तिला कोण हात लावणार? मग रेल्वे आली, गुरं पायी न्यायची पद्धत बंद पडली आणि कुत्र्याचं कामच गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द रॉटवाइलमध्ये या जातीची एकच मादी उरली होती म्हणतात. १९१० मध्ये जर्मन पोलिसांनी ही जात कामावर घेतली आणि ती वाचली. काका हे रंगवून सांगायचे. काकूंनी ते शंभरदा ऐकलेलं. त्या एवढंच म्हणायच्या, "म्हणजे गुराख्याचं कुत्रं. आपल्यातलंच की."

काम गेलं की जनावर जातं, हे काकांच्या मनात पक्कं होतं. म्हणून त्यांच्याकडचं प्रत्येक कुत्रं काही ना काही करायचं. वास काढून हरवलेली किल्ली शोधणं, काकूंच्या मागं पाण्याची रिकामी कळशी तोंडात धरून जाणं, काहीही. रोज पहाटे साडेपाचला काकांची शिट्टी व्हायची आणि सगळी रांगेत बसायची.

पैदास त्यांनी स्वतःहून थांबवली. त्यांची सगळ्यांत देखणी मादी दोन वर्षांची झाल्यावर तिच्या खुब्याचे एक्स-रे काढायला घेऊन आले. चालण्यात काही दिसत नव्हतं, पण फोटोत दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ होत्या. हे पिल्लांत उतरतं. तिच्या पिल्लांसाठी सात लोक थांबलेले होते. काकांनी फिल्म उजेडाकडं धरून बराच वेळ बघितली आणि मला म्हणाले, "डॉक्टर, हिची पिशवी काढून टाका." त्याच महिन्यात त्यांनी दिलेल्या पिल्लांपैकी दोन परत आली होती. कुणाची बदली झाली होती, कुणाकडे बाळ झालं होतं. परत आणलं तर का म्हणून विचारायचं नाही, हा काकूंचा नियम. विचारलं की पुढच्या वेळी माणूस परत आणत नाही, कुठंतरी घाटात सोडून येतो. अशी परत आलेली आणि दुसऱ्यांनी टाकलेली मिळून आठ झाली तेव्हा काका म्हणाले, "आता नवीन जन्माला घालायला आपल्याकडं जागा नाही." २०१६ ची पिल्लं शेवटची.

लोक मला म्हणतात, पैदास करणारे आणि सांभाळ करणारे हे दोन वेगळे, एकमेकांच्या विरुद्धचे लोक असतात. या दोघांनी ते एकच काम म्हणून केलं, एकाच वहीत.

तर त्या दिवशी. मी पोचले तेव्हा फार्महाउसच्या फाटकाशी वीस-पंचवीस माणसं जमलेली. दहा मिनिटांत काकांची जुनी ओम्नी आली. काका त्र्याहत्तर वर्षांचे, काकू एकोणसत्तरच्या. काकूंच्या हातात बाजाराची पिशवी, तिच्यातून मेथीच्या दोन जुड्या डोकावत होत्या. वाटेत वाईत घेतल्या म्हणाल्या.

मागच्या बाजूला गेलो. पत्र्याच्या शेडचा लोखंडी खांब, त्याला चार-पाच फुटांची साखळी. साखळी पुरेल तेवढ्या गोलातली माती घासून गुळगुळीत झालेली. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं पालथं, कोरडं. आणि त्या गोलाच्या मधोमध तो उभा. बरगड्या मोजून घ्याव्यात. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, साखळीच गळ्याभोवती फिरवून कुलूप घातलेलं होतं. बहुतेक तो लहान असताना घातलेलं. दहा पावलांवरून वास आला तेव्हा मला कळलं की ती साखळी आता गळ्यावर नाही, गळ्यात आहे.

तो भुंकला नाही. वरचा ओठ उचलून अगदी खालच्या सुरात गुरगुरत राहिला.

"भुंकत नाही," काका म्हणाले. "हे वाईट." मग त्यांनी मान तिरकी करून त्याच्या मागं बघितलं. शेपूट बुडापासून कापलेलं होतं. जर्मनीत १९९८ पासून शेपटी कापायला बंदी आहे. काकांनी ते कळल्यापासून एकाही पिल्लाची कापली नव्हती. त्यांचा श्वास सुटलेला मी ऐकला. "आपला नाही," ते म्हणाले.

"मी विचारलं का?" काकू म्हणाल्या.

मी माझा बेत सांगितला. फास असलेली काठी लावायची, दोघांनी ओढून धरायचं, मांडीत भुलीचं इंजेक्शन मारायचं. मोकाट कुत्र्यांना तसंच धरतात. काका म्हणाले, "त्या गळ्यावर फास?" मला उत्तर देता आलं नाही. खाण्यातून गोळ्या द्यायच्या तर अशा उपाशी, अंगात पाणी नसलेल्या जनावरावर त्यांचा भरवसा धरता येत नाही. काकूंनी पदर खोचला. "दोन तास द्या. आणि ती माणसं आधी घालवा."

माणसं काकांनी पार रस्त्यापर्यंत नेली. कसं ते मला माहीत नाही, पण आवाज बंद झाले.

काकूंनी साखळी कुठपर्यंत पोचते त्याचा अंदाज मातीवरून घेतला आणि त्याच्या हातभर बाहेर जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. मग त्याच्याकडे पाठ करून बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

मी शेडच्या कोपऱ्याआड इंजेक्शन भरून उभी होते. मला दोघांचेही चेहरे दिसत होते. काकू एक काडी घ्यायच्या, शेंड्याकडून पानं खुडायच्या, पानं उजवीकडं, देठ डावीकडं. घाई नाही. मध्येच एखादं पिवळं पान बाजूला. आणि तोंडानं अखंड हळू आवाजात बोलणं चाललेलं. मेथी महाग झालीय. जुडी दिसते मोठी, पण आत नुसत्या काड्या. परवाच्या मेथीत माती किती होती. घरी कोण खातंय कोण नाही. त्यांच्या अंगणवाडीत नवीन आलेलं, आईचा पदर न सोडणारं पोर असायचं, त्याच्या आसपास त्या अशाच बसायच्या, हे मला नंतर कळलं. पोराकडं बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, पण आवाज त्याला ऐकू येत राहील असं आपलं काम करायचं.

अर्धा तास तो गुरगुरतच होता. मग गुरगुर थांबून थांबून यायला लागली. काकूंनी मागं न बघता काठीनं पाण्याची परात सरकवली. तो मागं सरला, साखळी ताणली गेली आणि वेदनेनं त्याचं सगळं अंग थरथरलं. काकू मेथी निवडत राहिल्या. आणखी दहा मिनिटांनी लपक लपक असा आवाज सुरू झाला. अर्धी परात त्यानं रिकामी केली. त्या आवाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्या देठ टाकायला लागल्या. एकेक देठ, पाठीमागं, न बघता. एक लांब, एक जवळ. तो देठ हुंगायचा. एक त्यानं चावून बघितला आणि टाकून दिला. पिशवीतून काकूंनी भाकरी काढली, ताकात कुस्करली, वाटी आपल्या कमरेपाशी ठेवली आणि परत मेथीकडं वळल्या. या वेळी वाटी साखळीच्या टप्प्यात होती. म्हणजे काकूही होत्या.

तो आला. पोट जमिनीला टेकवत, सरपटल्यासारखा. भाकरी खाल्ली. वाटी चाटली. मग काकूंच्या पाठीला नाक लावलं, मानेपर्यंत हुंगत गेला आणि तसाच त्यांच्या पाठीला डोकं टेकवून उभा राहिला. काकूंच्या हातातली काडी अर्धी निवडलेली होती. ती त्यांनी पुरी केली. पानं उजवीकडं, देठ डावीकडं. मग त्याच सुरात, जणू मेथीबद्दलच बोलताहेत अशा, म्हणाल्या, "बाळा, आता ये. माझ्या उजव्या अंगानं ये. पळू नको."

मांडीत सुई गेली तेव्हा तो दचकला, पण डोकं उचललं नाही. दहा मिनिटांत काकूंच्या शेजारी आडवा झाला.

पुढचं काम माझं. ओम्नीतल्या गादीच्या झुल्यावर तोलला, ३३ किलो. या जातीचा पुरा वाढलेला नर ५० किलोच्या आसपास भरतो. काकांनी करवतीच्या पात्यानं साखळी कापली, पातं आणि कातडी यांच्या मध्ये मी माझा चमचा धरला होता. मानेच्या खालच्या बाजूला साखळीच्या चार कड्या मांसात रुतून वरून कातडी आलेली. त्या एकेक करून सोडवल्या. खाली अळ्या पडलेल्या. चिमट्यानं काढून सलाईनच्या डब्यात टाकत होते, शंभराच्या पुढं मी मोजायचं सोडलं. काका बॅटरी धरून होते. त्यांचा हात तासाभरात एकदाही हलला नाही. श्वासनळी शाबूत होती. मोठी रक्तवाहिनी अगदी बोटभर अंतरावर उघडी दिसत होती, प्रत्येक ठोक्याला उचलणारी. आणखी आठवडाभर कुणी आलं नसतं तर साखळी तिथं पोचली असती.

मी जखम धूत होते तेव्हा कुंपणापलीकडून एक म्हातारी आली. हातात भाकरी. रोज संध्याकाळी ती तारेवरून भाकरी टाकायची, दहा दिवस. "भ्या वाटायचं," म्हणाली, "पर उपाशी कसं ठेवायचं?" काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. "तुम्ही जगवलाय त्याला," म्हणाल्या आणि निवडलेली सगळी मेथी तिच्या पदरात घातली.

सरपंचांनी मालकाला फोन लावून दिला. मालक म्हणाला, ठेवा तुम्हीच, मला आता ती भानगड नको. काकांनी फोन घेतला. मला वाटलं ते झापतील. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याचं नाव काय?"

टायसन.

काकूंना ते नाव आवडलं नव्हतं. पण परत येताना गाडीत, त्याचं डोकं मांडीवर घेऊन, त्या म्हणाल्या, "नाव तेवढंच त्याचं स्वतःचं आहे. राहू दे तेच." वहीत तो एकोणसत्तरावा. जन्मतारखेच्या रकान्यात आडवी रेघ. खूण, गळ्याला व्रण. कुणाकडे, आपल्याकडे.

ही जात कुणालाही चालेल, लाडाची बाहुली आहे, असं मला वाटत नाही. त्या दोघांनाही वाटत नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात चेन्नईतल्या एका बागेत दोन रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीला फाडलं. ती बातमी आली त्या संध्याकाळी मी टायसनचे टाके बघायला गेले होते. काका ओसरीवर गप्प बसलेले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पट्टा लावला नाही त्या माणसानं आणि भोगलं पोरीनं. डॉक्टर, माझ्या हातात असतं तर कुत्र्याला नव्हे, माणसाला परवाना लावला असता. आधी त्याचं घर बघून." मला ते पटतं. जातीची यादी करणं सोपं आहे. प्रत्येक मालकाच्या घरी जाऊन साखळी कुठं बांधणार म्हणून विचारणं अवघड आहे, पण एका माणसानं आपल्या तालुक्यापुरतं ते अठरा वर्षं केलं, हे मला माहीत आहे.

काका २०२५ च्या जानेवारीत गेले, झोपेत. साडेपाचची शिट्टी झाली नाही म्हणून शेजारी बघायला आले. चारही कुत्री अंगणात रांगेत बसलेली होती.

टायसन ऑगस्टमध्ये लंगडायला लागला. पुढचा डावा पाय, मनगटाच्या वर सूज. या जातीत ते दिसलं की पोटात गोळा येतो. एक्स-रेत हाड पोखरलेलं होतं. हाडाचा कॅन्सर. पाय काढूनही फार महिने मिळाले नसते आणि छातीच्या फोटोत डाग दिसायला लागलेच होते. तीन आठवडे वेदना कमी करणाऱ्या औषधांवर काढले. एका सकाळी काकूंचा फोन आला, "बाळा, आज तो भाकरीला उठला नाही."

ज्याला दीड वर्षापूर्वी मी कायमचं इंजेक्शन दिलं नव्हतं, त्याला त्या दिवशी दिलं. ओसरीवर, त्याच जुन्या पलंगाशेजारी. काकू जमिनीवर बसल्या होत्या, त्याचं डोकं त्यांच्या पाठीला टेकेल अशा. त्यालाच तसं आवडायचं. त्या त्याच्याशी बोलत होत्या. पाऊस लांबलाय, घेवड्याला फूल नाही, असं काहीबाही. मी शिरेत सुई घातली, मग स्टेथोस्कोप लावला आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. तरी त्या थोडा वेळ बोलत राहिल्या.

त्या दिवाळीला काकूंना उठवत नव्हतं. पण पाडव्याचे फोन चुकवायचे नाहीत. दरवर्षी पाडव्याला वहीतल्या प्रत्येक जित्या पिल्लाच्या घरी फोन जायचा. मी नंबर लावून देत होते, त्या वही छातीवर ठेवून बोलत होत्या. खातंय का? गोचीड आहेत का? दात दाखवून घ्या. एका घरी कळलं, गणपतीत गेला. काकूंनी लाल पेन मागितलं, त्या नावावर पट्टी धरून रेघ मारली, तारीख घातली, आणि पुढचा नंबर सांगितला.

डिसेंबरात त्या गेल्या. राहिलेली तीन कुत्री कुणाकडे जायची ते त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं, तिन्ही घरं काकांनी पूर्वी बघितलेली. वही माझ्या दवाखान्यात द्यावी, असं त्याच्याखाली होतं. वजनकाटाही आला. मी त्यात मांजराची पिल्लं तोलते.

लाल रेघ न मारलेली तीन नावं उरली आहेत, तिन्ही २०१६ ची. त्यातली हिरव्या दोऱ्याची मादी फलटणला असते, दहा वर्षांची झाली. मागच्या महिन्यात फोन लावला तर नंबर बंद. दोन दिवस शोधून शेजाऱ्यांकडून नवा मिळवला. ती बरी आहे, ऐकायला कमी येतं, जिना चढत नाही. नवा नंबर मी जुन्याच्या शेजारी लिहिला आहे.